एक वाडगा वय

हेनाम, बाराव्या महिन्याची पहिली तिथी
(चांद्र महिन्याची. सरकारी कॅलेंडर तुझ्या भावजयीने किमचीच्या बरण्यांखाली अंथरलं आहे, तेव्हा इंग्रजी तारीख बरण्या उचलल्याशिवाय सांगता येणार नाही.)

तीर्थरूप ताईच्या चरणी धाकटा भाऊ ग्युहो याचा दंडवत. (कागदावरचाच समज. खरा दंडवत घालायचा तर हल्ली मला आडवं करायला दोन माणसं लागतात आणि उभं करायला चार. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? बेटावरचा वारा अजून सुकत घातलेलं शेवाळ उडवून शेजारणीच्या अंगणात नेतो का, आणि तू अजून तिच्याशी त्यावरून भांडतेस का? भांडत असलीस तर तब्येत उत्तम आहे असं मी समजेन. तू पाठवलेले शेवाळाचे पापड पोचले. फार छान आहेत. जिभेवर ठेवले की आपोआप विरघळतात, आणि मला सध्या आपोआप विरघळणाऱ्या वस्तूंबद्दल फार आदर वाटतो. आपण भेटून चार वर्षं झाली. तुला फोनच करणार होतो, पण माझा आवाज हल्ली रिकाम्या पोत्यातून आल्यासारखा येतो. तू घाबरली असतीस. शिवाय आपल्या चोंगदलने तुला फोनवर काय काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. चुलतभाऊ म्हणून त्याच्यावर माझा जीव आहे, पण त्याच्या तोंडी पडलेली बातमी परत येते तेव्हा आपल्याला ओळखू येत नाही. तेव्हा जे घडलं ते माझ्या हातचंच वाच.

सुरुवात पाठीपासून करतो. गेली पाच-सहा वर्षं माझी पाठ आणि मान हळूहळू वाकेनाशी झाली. दुखत फारसं नव्हतं, म्हणून मी कुणाला बोललो नाही. सार्वजनिक न्हाणीघरात पाठ घासणाऱ्याने एकदा म्हटलं होतं, की काका, तुमची पाठ घासताना फळी पुसल्यासारखं वाटतं. मी ती स्तुती समजलो. मागून कुणी हाक मारली तर मी पायांसकट सगळाच्या सगळा वळतो. पण खरी पंचाईत झाली ती नमस्काराची. रस्त्यात तरुण मंडळी कमरेत वाकून नमस्कार करतात, आणि म्हाताऱ्याने निदान मान हलवावी एवढीच त्यांची अपेक्षा असते. माझी मान हलेना. वर्षभरात गावात पसरलं, की गिरणीवाले ग्युहो भलतेच चढून गेलेत. वाफवलेल्या तांदळाचं चिकट तोक करून घ्यायला बायका तांदळाची घमेली घेऊन यायच्या त्या पूर्वी माझ्याशी गप्पा मारत; त्या आता रांगेत मुकाट उभ्या राहू लागल्या. मला ती शांतता आवडायला लागली होती हे तुझ्याजवळ कबूल करतो. पहाटे तांदळाची वाफ छपरापर्यंत भरते, यंत्र आपल्याशीच घुमत असतं, त्याच्या तोंडातून तोकचा पांढरा दोर संथपणे बाहेर पडत असतो, आणि त्या वाफेत उभं राहिलं की कुठलं साल चालू आहे तेच कळत नाही. कधी कधी वाफेच्या पलीकडे आई घमेलं घेऊन उभी असल्यासारखी वाटते. मान वळत नसल्यामुळे मी खात्री करून घेत नाही, आणि न केलेलीच बरी.

आता दुसरी गोष्ट, जी मी दोन वर्षं कुणालाच सांगितली नाही. गेल्याच्या गेल्या नववर्षाच्या सकाळी तुझ्या भावजयीने तोकच्या चकत्यांचं सार माझ्यापुढे ठेवलं. पहिली चकती घशात गेली आणि मध्येच थांबली. तिथेच बसली, म्हणजे जिन्यावर दमून एखादा म्हातारा बसतो तशी. कशीबशी मुळ्याच्या किमचीच्या पाण्याने ती खाली लोटली, पण त्या दिवसापासून भाताचा घाससुद्धा तिथे थांबून विचार करू लागला. मी मनाशी धरून चाललो की त्या चकतीचा तुकडाच आत राहिला आहे. आता तूच सांग, हे मी बोलणार कसं? चाळीस वर्षं तोकची गिरणी चालवणारा माणूस स्वतःच्या गिरणीचं तोक घशात अडकून बसला आहे, हे ऐन नववर्षाच्या तोंडावर कळलं असतं तर पुढच्या गावच्या गिरणीवाल्याने ढोल वाजवले असते. पोट बिघडलंय एवढंच घरात सांगितलं. मग तुझ्या भावजयीने आईची पद्धत काढली: पाठीवर थापा, दंड खांद्यापासून खाली चोळायचा, अंगठ्याला दोरा आवळायचा आणि नखाच्या मुळाशी सुई टोचायची. काळं रक्त निघालं की अपचन गेलं. दोन वर्षांत माझे दोन्ही अंगठे मिळून एकतीस वेळा टोचले गेले. दर वेळी तिला रक्त काळंच दिसलं आणि दर वेळी मी आता बरं वाटतंय असं म्हणालो, कारण सुई तिच्याच हातात होती.

गेल्या नववर्षाला मी शहाणा झालो होतो. साराच्या वाडग्यातलं पाणी पिऊन घेतलं, आणि चकत्या हळूच बाहीत टाकून अंगणात आमच्या नुरुंगीला घातल्या. तो कुत्रा असूनही त्याने तोंडातून शब्द काढला नाही. (नववर्षाचं सार प्याल्याने नाही, त्यातल्या चकत्या खाल्ल्याने माणसाचं वय एका वर्षाने वाढतं, हे लहानपणी तूच मला शिकवलं होतंस. त्या हिशेबाने नुरुंगी आता बराच वडीलधारा झाला आहे आणि मी त्याच्याशी तसाच वागतो.)

मग आला पितरांना पुजायचा छुसॉकचा सण, आणि बाबांच्या थडग्यापुढचा प्रसंग. तू सासरच्या थडग्यांवर असतेस, म्हणून तुला ठाऊक नाही. गवत कापून झालं, फळं मांडली, मद्य ओतलं, आणि घरातला वडील म्हणून मी पुढे आणि बाकीचे चौदा पुरुष माझ्या मागे, असे आम्ही गुडघे टेकून खाली वाकलो. कपाळ गवताला लागेपर्यंत सगळं सुरळीत झालं. (खाली जायला जमिनीची ओढ असते, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.) पण वर यायची वेळ आली तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत माझं काहीच ऐकेना. मी तसाच राहिलो. आता मी उठल्याशिवाय मागच्यांनी उठायचं नाही ही आपली रीत. तेव्हा तेही तसेच राहिले. कापलेल्या गवताचा वास, डोंगरावरचं ऊन, आणि पंधरा माणसं कपाळ टेकून गप्प. माझ्या नाकासमोरून एक मुंगी तिळाचा दाणा ओढत चालली होती. मी तिच्याकडे बघत राहिलो. आधी लाज वाटली, मग ती कमी झाली, मग फार बरं वाटायला लागलं. बाबा इतके जवळ आहेत हे मला उभं असताना कधी जाणवलं नव्हतं. मागून चोंगदल कुजबुजला, “दादा, झालं का बोलून?” मग तोच इतरांना म्हणाला, “गप पडा रे. काकांशी बोलतोय तो.” उदबत्ती निम्मी जळाली. बाजूला बसलेल्या बायकांतून हुंदके ऐकू यायला लागले. शेवटी तुझी भावजय उठून आली, माझ्या शेजारी बसली आणि कानात म्हणाली, “अहो, उठता येत नाहीये ना? मेलं, आधी नाही सांगायचं? तोंडावर बाही घ्या आणि रडल्यासारखं करा. मी उचलते.” मी बाही घेतली. तिने कमरपट्ट्याला धरून मला उभं केलं. रडायचं सोंग मला करावं लागलं नाही, ताई. ते आपोआपच आलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण गावाने माझा शिष्टपणा विसरून मला एकदम पितृभक्त ठरवलं. अर्धी उदबत्ती जळेपर्यंत बापापुढून न उठलेला मुलगा पंचक्रोशीत नव्हता. ज्येष्ठांच्या सभागृहात माझा आदर्श पुत्र म्हणून सत्कार ठरला. (तुझी भावजय म्हणाली, “शहात्तराव्या वर्षी मुलगा म्हणून पहिला नंबर! आता नवरा म्हणून कधी येताय?”) नाही म्हणायला हवं होतं, कबूल आहे. पण रस्त्यात माणसं पुन्हा माझ्याशी बोलायला लागली होती गं.

सत्काराला साठ-सत्तर माणसं. गावप्रमुख गळ्यात पदक घालायला आले, पण ते बुटके आणि मी वाकणार नाही, तेव्हा एक स्टूल आणावं लागलं. तिथवर लोक हसले, मीही हसलो. मग माझ्याच गिरणीतल्या तोकचं ताट आलं आणि गावप्रमुखांनी आपल्या चॉपस्टिक्सनी त्यातला एक तुकडा उचलून माझ्या तोंडासमोर धरला. त्यांच्या हातचा घास नाकारायचा कसा? आणि तोक माझंच. मी तोंड उघडलं. टाळ्या वाजत होत्या. तुकडा नेहमीच्या जागी जाऊन थांबला, आणि या वेळी त्याच्या मागून हवासुद्धा जाईना. टाळ्या फार लांबून यायला लागल्या, जणू कुणीतरी समुद्रापलीकडे तुझ्या बेटावर त्या वाजवतंय. मग मी कुणाच्यातरी पाठीवर होतो. तो चोंगदल होता. स्वतःचं वय शहात्तर, कमरेत उसण, आणि मला पाठुंगळी घेऊन दवाखान्याकडे पळत होता आणि “दादा, दादा” असं रस्ताभर ओरडत होता. त्या हिसक्यांनीच तुकडा सुटला आणि त्याच्या नव्या कोटावर पडला. तरी तो थांबला नाही. दवाखान्याच्या पायरीवर मला उतरवून म्हणाला, “दादा, तू इतका हलका कधी झालास रे?” आणि गडी माझ्यादेखत रडला. (दोन वर्षांत मी अकरा किलो उतरलो होतो. तुझ्या भावजयीला मी सांगितलं होतं की विजारी सैल शिवल्या आहेत.)

तिथे मला सगळं कबूल करावं लागलं, बाहीतल्या चकत्या आणि नुरुंगीसकट. तुझी भावजय नुसती माझ्या अंगठ्यांकडे बघत बसली. चोंगदलने मात्र डोळे पुसले आणि लगेच मूळ स्वभावावर आला. “म्हणजे दोन नववर्षांच्या चकत्या खाल्ल्याच नाहीस तू? मग तू चौऱ्याहत्तरचाच की! मी शहात्तर. आयुष्यभर चार महिन्यांसाठी मला दादा म्हणायला लावलंस. आता मी दादा. वाक बघू माझ्यापुढे.” मी म्हटलं, वाकता येत नाही. तर सगळ्यांकडे बघून म्हणतो, “बघा, धाकटा असून उलट बोलतोय.”

ग्वांगजूच्या मोठ्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या मानेचे फोटो काढले आणि उजेडाच्या पाटीवर लावून दाखवले. घशात तोकचा तुकडा वगैरे काही नव्हता. मणक्यांच्या पुढच्या अंगाने हाडावर हाड वाढत गेलं होतं, एका मणक्यावरून दुसऱ्यावर ओघळत, मानेपासून थेट खालपर्यंत सलग. मानेशी त्याचा एक उंचवटा होऊन तो अन्ननलिकेला पुढे ढकलत होता. बाई म्हणाल्या, “आजोबा, उतारवयात पुष्कळांना होतं हे. पुरुषांना जास्त. बऱ्याच जणांना पत्ताही नसतो. तुमचं जरा जास्तच वाढलंय.” मी फोटोकडे बघतच राहिलो. यंत्राच्या तोंडातून पडणारा पांढरा दोर कापायला कुणी नसावं आणि तो तसाच थिजून जावा, अगदी तसं दिसत होतं. ज्या वस्तूवर पोट भरलं ती चाळीस वर्षं माझ्या पाठीत आतल्या आत तयार होत होती. मला तुझी शपथ, क्षणभर अभिमान वाटला. दोर एकसारख्या जाडीचा नव्हता एवढाच दोष.

पुढे त्यांनी मला एका नळीत घातलं आणि अजिबात हलू नका म्हणाले. (नंतर फार छान पडून राहिलात म्हणून शाबासकी दिली. त्या विषयात माझा हात कोण धरणार?) आत ठकठक आवाज येत होता, आणि त्या ठकठकीत मला झोप लागली की काय कोण जाणे, पण मला आई उखळात तांदूळ कुटताना दिसली. युद्ध संपल्यानंतरचं पहिलं नववर्ष. तू दहा वर्षांची होणार होतीस, मी सहा. तांदूळ कुठून आणले होते आईने ते तिलाच माहीत. तुझ्या वाडग्यात नऊ चकत्या, माझ्या वाडग्यात नऊ. मी माझ्या संपवून तुझ्याकडे बघत बसलो होतो. तू तुझा वाडगा माझ्या वाडग्यात ओतलास आणि म्हणालीस, “मला यंदा मोठं व्हायचंच नाही. तूच खा.” मी खाल्ल्या, आणि दोन वर्षांनी मोठा झालो म्हणून चोंगदलला दोनदा वाकायला लावलं. नळीतून मला बाहेर काढलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबा, दुखलं का कुठे? मी नाही म्हटलं.

त्या म्हणतात, मानेच्या पुढून छेद घेऊन वाढलेलं हाड तासून काढावं लागेल. मी स्पष्ट नकार दिला आहे. का करावी ही उठाठेव? घास उतरत नाही तर नाही. पातळ पेजेवर माणूस राहतो. आवाज बसला आहे, तर गावाने माझी भाषणं पुष्कळ ऐकली. उलट विचार कर ताई: चकत्या खायच्या नाहीत, तर वय वाढायचं नाही. आणखी दहा वर्षांनीही मी चौऱ्याहत्तरचाच, ताठ मानेचा, वाफेत उभा असेन. चोंगदल तोवर शंभरीकडे चालला असेल. यंदाही नववर्षाला मी नुसतं पाणी पिईन, असं मी घरात जाहीर केलं आहे. तुझी भावजय त्यावर नुसती चुलीकडे तोंड करून उभी राहते. चोंगदलने तुला फोनवर सांगितलं असेल की ग्युहो घाबरला आहे. त्यात काडीचंही तथ्य नाही. माझ्या काळजीने तू अजिबात बोटीत बसू नकोस. थंडीचा समुद्र तुझ्या गुडघ्यांना मानवत नाही.

भावोजींच्या फोटोपुढे माझ्या वतीने एक प्याला ठेव, शेजारणीला क्षमा कर, आणि तुझ्या या ताठ भावाला आशीर्वाद दे. इथून वाकता येत नाही, म्हणून पत्रच तुझ्या पायांपाशी ठेवलं आहे असं समज.

तुझा,
ग्युहो

ता. क. : शस्त्रक्रिया याच महिन्याच्या नवव्या तिथीला आहे. नकार मी फक्त दीड दिवस दिला होता. तुझी भावजय भांडली नाही, रागावली नाही. सुया ठेवायची डबी तिने विहिरीत टाकली आणि माझे दोन्ही अंगठे हातात धरून बसली. मग मी कागदावर सही केली.

आणखी एक : पितृभक्तीचं पदक मी परत करायला गेलो होतो. थडग्यापुढे काय झालं ते गावप्रमुखांना खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, “तरी शेवटी रडलात ना? मग असू द्या.” पदक सध्या नुरुंगीच्या गळ्यात आहे, वयाने तोच मोठा.

शेवटचं : चोंगदलने जे सांगितलं ते खरं आहे. मी घाबरलो आहे. बाई म्हणतात, सगळं नीट झालं तर नववर्षापर्यंत मऊ केलेलं थोडं थोडं खाता येईल. नीट झालं तर, असं त्या दोनदा म्हणाल्या. तेव्हा ताई, तू ये. आठव्या तिथीच्या बोटीने ये, गुडघ्यांना गरम कापड गुंडाळून ये, धक्क्यावर चोंगदल तुला पाठुंगळी घ्यायला उभा असेल, त्याला आता सवय झाली आहे. नववर्षापर्यंत राहा. यंदाचं तोक मी आधीच काढून ठेवलं आहे. चकत्या तू काप, आई कापायची तशा, कागदासारख्या पातळ. दोन वाडगे भरायचे. तुझ्या वाडग्यातल्या नऊ तू माझ्यासमोर बसून खायच्यास, एकही मला द्यायची नाही. त्या वर्षाचं तुझं राहिलं आहे. आणि माझ्यातली मी एक जरी गिळू शकलो तरी बस. मला यंदा मोठं व्हायचं आहे, ताई.